जुनी फिल्म मागणारे सर

जगातला कुठलाही निर्णय, मग तो यकृताचा असो की रात्रीच्या भाजीचा, लांबणीवर टाकण्याची आमच्या सरांइतकी हातोटी मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. सर म्हणजे पनवेलच्या आमच्या हॉस्पिटलातले वरिष्ठ रेडिओलॉजिस्ट. सीटी, एमआरआय पाहून अंधाऱ्या खोलीतून मत देणारे आम्ही दोघेच. ते थोरले आणि मी, माझ्या मते, जास्त हुशार. हे मत मी कशाशीही तुलना न करता बनवलं होतं.

दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे कॅन्सरच्या रुग्णांसाठी मीटिंग असते. सर्जन, किमोवाले, रेडिएशनवाले टेबलाभोवती जमतात, समोसे येतात आणि कुणावर काय उपचार करायचे ते सगळे मिळून ठरवतात. बाकीच्यांनी फक्त यायचं असतं. आम्ही मात्र प्रत्येकाची शेकडो चित्रं आणि बाहेरच्या सेंटरच्या न उघडणाऱ्या सीड्या आधीच पाहून ठेवायच्या. या तयारीला ड्यूटीच्या तक्त्यात जागा नाही, कारण व्यवस्थापनाच्या लेखी मीटिंग म्हणजे आमची विश्रांती. त्यात सकाळी सर्जनसाहेबांचा मेसेज येतो, "दोन छोट्या केस वाढवल्यात." छोटी केस म्हणजे जिची फाइल त्यांनी उघडलेली नसते. तरीही मला या मीटिंगचा कोण अभिमान. पडद्यावर लेसरचा लाल ठिपका फिरवताना आपण सैन्य हलवतोय असं वाटायचं, आणि त्यासाठी मी कडक इस्त्रीचा शर्ट गुरुवारसाठी राखून ठेवी. सर कालच्याच शर्टात येत, बाहेरचा रिपोर्ट तळहाताने झाकून स्कॅन पहिल्यापासून पाहत आणि एकच विचारत, "जुनी कुठंय?" या प्रश्नापायी, आधीच्या स्कॅनची फिल्म शोधायला, किती नातेवाइकांनी गाद्या उचलल्या आणि कपाटं सरकवली असतील, कोण जाणे. रोडपालीचा भाजीवाला दुधी पुढे करतो, तेव्हाही ते कालचा दाखव म्हणतात, असं त्यांच्या पत्नी सांगतात.

एका गुरुवारी उरणच्या एका मासळी विकणाऱ्या बाईंची केस आली. आतड्यात गाठ, आणि यकृतात एक ठिपका. तो कॅन्सरचा असेल तर आजार पसरलेला. मग आतड्याचं ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, असं टेबलावर जवळजवळ ठरलंच होतं. मी लेसर फिरवला आणि शर्टाला शोभेल अशा आवाजात म्हणालो, "पसरलाय."

"चला, पुढची केस," सर्जनसाहेब म्हणाले.

"जुनी कुठंय?" सर म्हणाले.

"सर, बाहेर ओपीडी तुंबलीय. तुमच्या धाकट्यांनी सांगितलं ना आत्ता?" सर्जनसाहेब माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"तो तरुण आहे. त्याला सगळं दिसतं."

एवढं बोलून सर उठले आणि मीटिंग तशीच सोडून बाहेर गेले. मी मागे गेलो, बहुधा त्यांच्या वतीने माफी मागायला. बाईंचे यजमान जिन्याशी उभे होते.

"बाईंचा पोटाचा सीटी आधी कधी काढला होता का?" सरांनी विचारलं.

"हाय ना. मूतखडा झालेला तवा. मोठी पिशवी हाय, माळ्यावर."

"घेऊन या."

"आज? आमी उद्या आनतो ना साहेब."

"आजच आणा. आत सगळे घाईत आहेत."

यजमान उरणला गेले. मीटिंगने दिवस खाल्ल्यामुळे रिपोर्टांचा ढीग पडला होता, तो उपसत सर थांबले. मीही थांबलो, कारण माझंच खरं ठरताना मला हजर राहायचं होतं. संध्याकाळी फिल्म आली, कोपऱ्यांना उंदराने कुरतडलेली. ठिपका तेव्हाही तिथेच होता, तेवढाच. तेव्हापासून जराही न वाढलेला, म्हणजे कॅन्सर नव्हे, रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ. सर माझ्याकडे पाहून काहीतरी बोलतील म्हणून मी तयारीत होतो. ते म्हणाले, "समोसा उरलाय का बघ." ऑपरेशन झालं, नीट झालं, आणि आभाराची पापलेटं सर्जनसाहेबांकडे गेली.

परवा त्या बाई तपासणीच्या स्कॅनसाठी आल्या होत्या. सरांनी पडद्यावर यकृत पाहिलं आणि ओळखीचं कुणी भेटावं तसे हसले. "उरणच्या या. छान आहेत की." मी म्हणालो, "बाहेरच बसल्यात. भेटता?" "भेटलो की आत्ता," म्हणत ते चहाला उठले. बाहेर बाकावर त्या बसल्या होत्या, पायाशी जुन्या फिल्मची ती मोठी पिशवी. सर तिथे क्षणभर थांबले. "ताई, जरा पिशवी आत घ्या," कुणाही अनोळखी बाईला सांगावं तसं ते म्हणाले, "कुणी अडखळेल." त्यांनी घेतली, आणि सर गेले.