महाराजाशिवाय जपान

तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर जपानची चार बेटं काढली, भूकंप सांगितले, मासेमारी सांगितली, आणि स्वतः कधी मुंबईच्या पलीकडे गेले नाही. निवृत्त झाल्यावर ठरवलं, दिवाळी झाली की नोव्हेंबरात जपानला जायचं. नवराबायको दोघांनीच.

आमच्या ओळखीतले लोक परदेशात जातात ते टूरवाल्यांबरोबर, आणि टूरवाल्यांबरोबर असतो महाराज, म्हणजे स्वयंपाकी. तो सकाळी पोहे करतो, रात्री वरणभात करतो, आणि मंडळी परत येऊन सांगतात की तिकडे जेवणाची चंगळ होती. मला हे मंजूर नव्हतं. पोहेच खायचे तर नागपूर काय वाईट आहे? मी स्वतः आखणी केली. क्योटोत एका बाईंच्या घरी टोफू करायला शिकायचं, चटईवर गुडघे मोडून बसून चहा प्यायचा, स्टेशनाबाहेरच्या चार खुर्च्यांच्या दुकानात नूडल्स खायच्या. आखणी उत्तम होती, हे मी आजही म्हणेन.

अडचण एकच, आमचे हे. मोटारपंपांचं दुकान आणि सावजी रस्सा, यापलीकडे त्यांची कशाबद्दलच तक्रार नसते आणि हौसही नसते. त्यांच्या जिभेला सवय व्हावी म्हणून मी घरी आठवडाभर जपानी जेवणाचा सराव काढला. रामदासपेठेतल्या एका दुकानातून मिसो आणला. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा. गरम पाण्यात कालवला की सूप होतं. सोयाबीन तर आपल्याच शेतातलं पीक, म्हणून मी निश्चिंत होते. दोन दिवस ह्यांनी ते काढ्यासारखं मुकाट्यानं घेतलं. मुद्दाम चिकट केलेला भात पाहून मात्र म्हणाले, "आज गिचका झाला वं."

तिसऱ्या दिवशी, रविवारी, कन्हानहून ह्यांची धाकटी बहीण आणि तिचा नवरा जेवायला आले. मी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली येते तो घरभर लसणाचा वास. ह्यांनी सूपला फोडणी दिली होती. लसूण, जिरं आणि वर लाल तिखटाची तर्री. तिघंही ते भातावर ओतून भुरके मारत होते.

"आता चव आली पाहा," हे मला म्हणाले.

माझं डोकं फिरलं. राग आला की मी घरातही शाळेतली मराठी बोलते. "दोन दिवस मी काय शिकवते आहे? एवढी साधी गोष्ट तुम्हाला कळत नाही? तिथे असं काही केलंत तर लोक हसतील आणि मान मला खाली घालावी लागेल." आणखीही बरंच बोलले. नणंद ताटाकडे बघत राहिली. तिचा नवरा उगाच पाणी प्यायला. हे हात धुऊन दुकानात निघून गेले.

सोमवारी सकाळी म्हणाले, "तू जाऊन ये. मी नाही येत."

शनिवारी तिकिटं पक्की करायची होती. मी म्हटलं, ठेचा घेऊ सोबत, लोणचं घेऊ. "जेवणाचं नाही," एवढंच उत्तर. मग मीही हट्टाला पेटले. एकटी जाईन म्हटलं, आणि गेलेही असते, त्यात शंका नाही. आखणीची वही काढली आणि एकेका पानावरचं 'दोघं' खोडायला बसले. चौथ्या पानावर रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

गुरुवारी हे दुकानात निघाले असताना सरळ विचारलं, "काहून नाही येत?"

ते चपला घालत होते. खाली बघूनच म्हणाले, "तिथं मले एक पाटी वाचता येणार नाही. तू म्हणशील तिथं बसीन, तू देशील ते खाईन. त्याचं मले काही नाही. पण इथं तू चारचौघात बोलली की मी दुकानात जाऊन बसतो. तिथं कुठं जाऊ?"

आमचं दुकान रविवारीही का उघडतं, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

दोघांतच माफी मागून भागलं असतं, पण मी बोलले होते चौघांत. तिथल्या तिथे नणंदेला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "भाऊजी आहेत ना बाजूला? त्यांनाही ऐकू दे. रविवारी मी तुझ्या भावाले तुमच्यासमोर नाही नाही ते बोलली. माझं चुकलं."

नणंद म्हणाली, "जाऊ द्या ना वहिनी, आम्ही तं विसरूनबी गेलो." विसरली नव्हती, ते आवाजातच कळत होतं.

हे एका पायात चप्पल घालून दारात उभे होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"ऐक वं," बहिणीला म्हणाले, "नोव्हेंबरात दुकानाची किल्ली तुझ्याकडं ठेवीन. आम्ही दोघं नाही आहो इथं."