मामांची ग्रिप

मावळात ज्या लग्नाचे फोटो आमच्या मामांनी काढलेले नाहीत, ते लग्न कायद्यानं लागलं असेल, पण लागलं असं मी मानत नाही. मामा म्हणजे आमच्या हिचे मामा. वडगावात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, आणि तालुक्यातल्या लग्नांत नवरदेवाच्या खालोखाल नाही, वरच त्यांचा मान असतो. अक्षता भटजींच्या 'सावधान'वर पडतात अशी इतरत्र समजूत असेल. आमच्याकडे त्या मामांनी मान हलवल्यावर पडतात. एका नवरदेवाकडून त्यांनी पुन्हा पुन्हा मंगळसूत्र घालून घेतलं. नवरीचा भाऊ कुरकुरला तेव्हा मामा कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, "घाई व्हती तर हापिसात जाऊन सही करायची. हितं फोटो निघत्यात."

मामांच्या लेखी जगात दोनच जाती आहेत, उभी आणि आडवी. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा शिक्षण, नोकरी यांतलं काही न विचारता त्यांनी मान तिरकी करून मला न्याहाळलं आणि जाहीर केलं, "पोरगा उभा बरा हाय." आडवा कसा आहे ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही आणि विचारायची माझी हिंमत नाही. लोणावळ्याला आमच्याकडे आले असताना मी त्यांना हौसेनं दरी दाखवायला नेलं, तर दरी राहिली बाजूला, त्यांचं लक्ष मोबाइल उभा धरून फोटो काढणाऱ्या एका पर्यटकाकडे. मामांना ते बघवेना. "ओ साहेब, दरी आडवी हाय. उभा धरून काय विहीर काढताय व्हय?" त्या बिचाऱ्यानं घाबरून फोन आडवा केला, तोवर धुकं आलं आणि दरीच नाहीशी झाली. मामांनी उदार मनानं परवानगी दिली, "आता धरा कसाबी."

हा सगळा दरारा ज्या वस्तूच्या जोरावर चालायचा, ती म्हणजे मामांच्या कॅमेऱ्याची बॅटरी ग्रिप. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कॅमेऱ्याच्या बुडाशी स्क्रूनं बसवायचा हा एक काळा ठोकळा असतो. त्याच्या पोटात दोन बॅटऱ्या मावतात, आणि कडेला फोटो काढायचं आणखी एक बटण असतं, म्हणजे कॅमेरा उभा धरला तरी मनगट न मुरगाळता बोट बटणावर पडतं. ती बनवणाऱ्यांच्या मनात एवढंच होतं. पण ग्रिप लावली की कॅमेरा दुप्पट दिसतो, आणि आमच्याकडे मोठ्या कॅमेऱ्याला आपोआप वाट मिळते. मामा ग्रिप कधी काढतच नसत. गाडीवर ती त्यांच्या मांडीवर बसायची, जेवताना ताटाशेजारी. एकदा मामींनी तिच्यावर चुकून झाकणी ठेवली, तर मामा ताटावरून उठले.

आणि मग मामांचं मनगट बिघडलं. उजवंच. भाकरी मोडताना कळ यायला लागली, चहाचा कप थरथरायला लागला. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि हातातलं ओझं कमी करा म्हणून बजावलं. मामींनी ओझं म्हणजे ग्रिप असा सरळ अर्थ लावला आणि घरात रोज तोच विषय सुरू झाला. "हात ऱ्हायला तर फोटो. त्यो ठोकळा घरात ठिवून काय पुजायचाय का?" हातच गेला तर लग्नं बंद, आणि लग्नाशिवाय मामा म्हणजे काय, याची कल्पना आमच्यापैकी कुणालाच करवत नव्हती. शेवटी मामा एक लग्न ग्रिपविना करून बघायला तयार झाले.

ते लग्न होतं औंढ्याला. मला मुद्दाम बरोबर नेलं होतं, साक्षीला म्हणा किंवा धीराला म्हणा. मांडवात शिरताच मुलीकडच्यांनी मामांना पाहुणे समजून फेटा बांधला आणि रांगेत बसवलं. ते उठून स्टेजकडे निघाले तर नवरदेवाच्या चुलत्यानं त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं. "पावनं, जरा सरका, फोटूवाल्याला येऊ द्या."

"अवो, मीच फोटोवाला!"

"मग क्यामेरा कुटंय?"

मामांनी दाखवला. चुलत्यानं तो हातात घेऊन वरखाली पाहिला. "आमच्या पोरीचा मोबाईल यापरीस मोटा हाय."

मला हसू आवरेना आणि मामांकडे बघवेना. तरीही हा अपमान ते जेवणाबरोबर गिळून गेले असते. पण पंगती उठल्यावर एका आजींनी त्यांना हाक मारली. आमच्याकडच्या लग्नांत एक रिवाज आहे, तो पत्रिकेत छापत नाहीत. म्हातारी माणसं नवं लुगडं, नवी टोपी घालून अशा वेळीच सजलेली असतात, आणि सगळे पांगले की हळूच फोटोवाल्याला गाठतात. आजी म्हणाल्या, "दादा, माजा एकटीचा एक काढ. भितीला लावाय." तो फोटो भिंतीवर कधी लागणार आणि त्याला हार कधी पडणार, हे काढणाऱ्याला ठाऊक असतं, काढून घेणाऱ्यालाही. बोलत कुणी नाही. मामा अशा माणसाला कधीही नाही म्हणत नाहीत, आणि हा फोटो ते उभाच काढतात. मला एकदा म्हणाले होते, "आडव्या फोटोत शेजारी कोनतरी लागतं, जावयबापू. एकट्या मानसाचा फोटो उभा."

ग्रिप नव्हती. मामांनी कॅमेरा उभा केला, कोपर वर घेतलं, मनगट वळवलं आणि कळ थेट खांद्यापर्यंत गेली. आजी हलल्या नव्हत्या, पण फोटो हलला. दुसऱ्या दिवशी मामा ग्रिप घेऊन पुन्हा औंढ्याला गेले आणि आजींना परत ते लुगडं नेसायला लावून फोटो काढून आले. त्या रात्री मनगट टम्म सुजलं. मामींनी शेकता शेकता ग्रिप विकून टाकायचा निकाल दिला, आणि मामा कबूल झाले.

सोमाटण्याचा एक तरुण फोटोग्राफर रविवारी ग्रिप न्यायला आला. मामांनी ती ब्रशनं साफ करून पंच्यात गुंडाळून ठेवली होती. तो पोरगा तिची चाकं, बटणं फिरवून बघत असताना मामी बाहेर आल्या. अंगावर ठेवणीतली मोरपंखी साडी, केसांत गजरा. मला वाटलं, कुठं कार्याला निघाल्या असतील. त्या मामांसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"अवो, देनारच हाय तर द्यायच्या आदी माझा एक काढा. उभा."

मामांनी मनगटावरचा पट्टा उगाच आवळला.

"समद्या तालुक्याचं काढलंत. माझा एकटीचा हाय का एक तरी? उद्या पोरं कुठल्यातरी लग्नातला कापून लावत्याल, शेजारनीच्या खांद्यासकट."

मी हसलो, आणि हसून झाल्यावर वाईट वाटलं. मामांनी त्या पोराच्या हातातून ग्रिप काढून घेतली. पुन्हा पंच्यात गुंडाळली.

"न्हाई द्यायची."

"भाऊ, आपलं बोलनं झालंतं की!"

"झालंतं. आता न्हाई." मग मामींकडे न बघता म्हणाले, "घरातच हाय ती. कवाबी काढू. घाई काय हाय?"

"मग आजच काढा की."

"आज उजेड बरा न्हाई."

अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. मामी उठल्या आणि त्याच साडीत पाहुण्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.

आता मामा लग्नं लहान कॅमेऱ्यावर करतात आणि निमूटपणे फेटा बांधून घेतात. ग्रिप पिशवीत असते. एखाद्या आजीनं हाक मारली की तेवढ्यापुरती जोडली जाते. मामी सणावाराला चांगली साडी नेसल्या की विषय निघतो. कधी ऊन फार असतं, कधी आभाळ आलेलं असतं, कधी सावली नाकावर पडते. वडगावातला उजेड मामांना अजून पसंत पडलेला नाही, आणि खरं सांगायचं तर तो इतक्यात पडू नये, असं मलाही मनापासून वाटतं.