ओपाहच्या खोलीतलं दार

मलेशियात कुआला कांगसारला रुहाया चिकगूची, म्हणजे रुहाया शिक्षिकेची, बालवाडी तिच्या राहत्या घरातच भरते. नवरा गेल्यावर तिने ती सहा मुलांवर सुरू केली. अकरा वर्षांत बावीस झाली. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिथे गोष्टी सांगायला जाते.

मागच्या खोलीत तिची आई सालमियाह अंथरुणाला खिळलेली. मुलं तिला ओपाह म्हणतात, म्हणजे आजी; रुहाया मक म्हणते, म्हणजे आई. घरी निघताना एकेक मूल खाटेशी येऊन तिच्या हाताला ओठ लावी. त्या दहा मिनिटांसाठी ती सकाळपासून केस विंचरून बसलेली असे.

"काय रे, केळं खाऊन आलास? पाया पडतोयस की माझ्या हाताला तोंड पुसतोयस?" ती एखाद्याला म्हणे.

यंदा परवान्यासाठी अग्निशमन दलाचा अधिकारी आला. म्हणाला, "दुसरं दार हवं." ते फक्त सालमियाहच्या खोलीतूनच काढता येणार होतं. रुहाया आईच्या खाटेकडे बघू लागली.

"फोड भिंत," आईच म्हणाली. "मला न्यायलाही सोपं पडेल."

"मक, काहीतरीच काय बोलतेस!"

दार झालं. अधिकाऱ्यासमोर आगीच्या सरावाची घंटा वाजली, मुलं रांगेने निघाली आणि पहिल्याच मुलीने खाटेपाशी थांबून ओपाहचा हात धरला. मग बाकीच्या एकवीस जणांनीही. अधिकाऱ्याला हसू आलं. पण घड्याळ पाहून तो गंभीर झाला.

"चिकगू, आग थांबत नाही हो. सोमवारी परत येतो. तेव्हाही असंच झालं, तर मला सही करता येणार नाही."

रुहायाने मुलांना परोपरीने समजावलं. मुलं माना डोलवत आणि खाटेशी थांबत. वडीलधाऱ्यांचा हात घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, हे तिनेच त्यांच्या अंगी मुरवलं होतं.

"तुझ्याने नाही व्हायचं," सालमियाह म्हणाली. "मी शिकवते."

दुसऱ्या दिवसापासून घंटा झाली की ती दोन्ही हात चादरीत घेई आणि भिंतीकडे तोंड फिरवी. छोटी नुरआइन "ओपाह? ओपाह?" करत उभी राहिली. ओपाह भिंतीकडेच बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तीही थांबली नाही.

सोमवारी सही झाली. दुपारी घरी जाताना मुलं त्याच नव्या दाराने, खाटेकडे न बघता निघून गेली. रुहाया त्यांना हाक मारायला धावली.

"राहू दे," आईने तिला अडवलं. "एकदा थांबा, एकदा थांबू नका, असं पोरांना कळत नसतं." मग तिने विचारलं, "सगळी बाहेर पोचली ना? मोजलीस?"

"बावीस, मक."