शाल-श्रीफळ दिलेले काका परत कामावर

मंडळी, आज ऑफिसात नवीन माणूस जॉइन झाला. बघते तर आमचे फ्रिस्को गावचे अरुणकाका! रिटायर झाले म्हणून पाडव्याला आपल्या इथल्या मराठी मंडळानेच त्यांना शाल-श्रीफळ दिलं होतं.

मला बघून काका ओशाळले. "अगं, शेअर मार्केट पडलं, रिटायरमेंटचे पैसे त्यातच होते. त्यात तुझ्या काकूला पासष्टी गाठून मेडिकेअरचा सरकारी विमा मिळायला अजून वेळ आहे. तोवरचा इन्शुरन्स परवडेना." मग हळूच म्हणाले, "शाल परत करू का गं मंडळाला?"

मी म्हटलं, "काका, ती शाल उद्या इथेच घेऊन या. एसी एवढा लावतात, गारठायला होतं."

काका हसले. मी डेस्कवर येऊन माझं रिटायरमेंटचं अकाउंट उघडलं आणि आकडा दिसायच्या आत बंद केलं.

खरं सांगा, तुम्हाला तरी बघायचा धीर होतो का?