पाटावरून रिक्षात

पाया पडायला कुणी वाकलं की ती टुणकन मागे उडी मारायची. रिक्षात बसलेली असली तर दोन्ही पाय सीटवर ओढून घ्यायची आणि म्हणायची, "उठा मावशी, कंबर धरंल. शेणव्याला जायचंय ना? मग मागं बसा."

शहापूर स्टँडबाहेर तिची शेअर रिक्षा उभी असे. त्या बाजूला गेला असाल तर तुम्हीही पाहिली असेल तिला. पंजाबी ड्रेसवर खाकी शर्ट, केस मानेवर कापलेले, तोंडात बडीशेप. आता ती मुरबाडला असते, टोकावड्याकडे रिक्षा चालवते. नाव लिहीत नाही. तिनेच बजावलंय, "माझं नाव माझ्याकडंच राहू दे गो. लय उशिरा हाताला लागलंय."

चौथीत असताना ती एकदा तापात बडबडली आणि घरच्यांनी ठरवलं की तिच्या अंगात देवीचं वारं येतं. तेव्हापासून दर मंगळवारी हिरवं पातळ नेसवून तिला पाटावर बसवायचे. हरवलेलं जनावर, न ठरणारं लग्न, सगळ्याची उत्तरं तिने द्यायची. शाळा सुटली, लंगडी सुटली. घरात तिला नावाने हाक मारणं बंद झालं. सख्खी आई तिच्या पाया पडायची आणि तिलाच 'आई' म्हणायची.

मी अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली, म्हणून सरळ लिहिते. पोरीला देवी करणं म्हणजे तिचं पोरपण लुटणं आणि वर तिच्याकडूनच आशीर्वाद मागणं. मला अजून संताप येतो. तिला मात्र हसू यायचं. "वारंबिरं काय नाय गो. उपाशी पोट, धूप आणि ढोल. तू बस, तू पण घुमशील."

सुटली कशी, तेही ती हसतच सांगे. एक बाई तापाने फणफणलेलं बाळ घेऊन आली, अंगारा लावू का विचारू लागली. घुमता घुमता ही थांबली आणि स्वतःच्या आवाजात बोलली, "आधी दवाखान्यात ने. मला काय म्हाईत नाय." देवीचा हुकूम समजून लोकांनी लगेच जीप काढली. बाळ वाचलं. आणि ती पाटावरून उठली ती पुन्हा बसली नाही. शहापूरला मावशीकडे आली, रिक्षा शिकली.

मग तिने एक नवाच उद्योग सुरू केला. आपल्याला काय आवडतं ते शोधून काढायचं. पाटावरच्या वर्षांत दूधभाताशिवाय काही मिळालं नव्हतं, म्हणून दिसेल ते खाऊन बघायची. "सुकट आवडते," ती मला निकाल दिल्यासारखं सांगायची. "पाणीपुरी नाय आवडत. सगळे खातात, पण मला नाय आवडत!" हे नाही म्हणताना तिचा चेहरा काय खुलायचा!

एकदा मी तिला म्हटलं, आमच्या सभेत येऊन बोल. ती म्हणाली, "आधी देवी माझ्या तोंडानं बोलायची, आता तुझी पत्रकं बोलणार? मला माझी रिक्षा चालवू दे."

जुने भक्त मात्र पिच्छा सोडत नव्हते. मागच्या सीटवरून विचारायचे, "आई, पोराला नोकरी लागंल का?"

"नोकरीचं म्हाईत नाय बाबा. अंधाराच्या आत शेणव्याला पोचवते. एवढंच जमतं आपल्याला."

एका उन्हाळ्यात एका म्हाताऱ्याचा बैल हरवला. ती सहज बोलून गेली, "तानशाच्या धरणाकडं बघा की. आता हिरवं गवत दुसरीकडं उरलंय कुठं?" शेतकऱ्याच्या लेकीचं उत्तर होतं ते. पण बैल तिथेच सापडला आणि सगळा घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी रिक्षाला हार, पुढच्या सीटवर नारळांची रास. बाकीचे रिक्षावाले भडकले, "आमचे पॅसेंजर तुझ्या देवीनं पळवले!" ती हसली खरी, पण हार ओरबाडून काढला आणि नारळ भराभर खाली उतरवले.

तेवढ्यात शेणव्याच्या पलीकडच्या गावाहून आई आली. काखेत तेच हिरवं पातळ. "वारं परत आलं. चला घरी, मंगळवारी लोक येतील," म्हणत भर स्टँडवर ती लेकीच्या पायाशी वाकली.

या वेळी हिने उडी मारली नाही. आईचे खांदे धरून तिला उभं केलं. "आये, दादाला घालतेस तशी एक शिवी मला घाल. मग पाटावर बसते."

"देवीला कुणी शिवी देतं का!"

"मग रिक्षात बस. घरी सोडते."

मीही मागे बसले. रिक्षा रागारागात सुटली. शहापूर मागे पडलं आणि रिक्षा एका खड्ड्यात अशी आदळली की आईचं डोकं वरच्या दांडीला लागलं.

"मेले, डोळे फुटले का तुझे?" आई ओरडली. आणि पाठोपाठ तिचं नाव. खणखणीत.

रिक्षा थांबली. आईने तोंडावर हात ठेवला. लेक मागे वळली. डोळे भरलेले, ओठांवर हसू. "पुन्हा बोल, आये."

आई तिच्याकडे बघत राहिली. कापलेल्या केसांकडे, खाकी शर्टाकडे. मग हळूच म्हणाली, "केसांचं काय केलंस गो हे? शेपूट तुटल्यावानी दिसतंय."

त्यानंतर शेणव्यापर्यंत ती माउली थांबली नाही. हाडं दिसायला लागली, जेवत नाय का? चपला कसल्या त्या? सणाला एकदा तरी घरी यावंसं नाय वाटलं? इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं नावासकट बाहेर पडत होतं. आणि ती रिक्षा हाकता हाकता खिदळत मागे विचारत होती, "अजून? अजून काय चुकलं माझं?"