टेलरमामांचं नवं कार्ड

माझं दुकान बोरीच्या बसथांब्यासमोर आहे. मोबाइलचं रिचार्ज, नवीन कार्ड, चार्जर, कव्हर, एवढाच पसारा. दुकानापेक्षा दुकानापुढचा बाकडा मोठा आहे, असं माझी बायको म्हणते, आणि ते खरं आहे. त्या बाकड्यावर बसणाऱ्यांशी वाद घालण्यात माझा अर्धा जन्म गेला. मला हरायला आवडत नाही. समोरचा बरोबर असला तरी मी दोन शब्द जास्त बोलणार म्हणजे बोलणारच. या खोडीनं माझं स्वतःचं कधी काही बिघडलं नाही. बिघडलं ते दुसऱ्याचं, आणि तेच आज सांगायला बसलोय.

टेलरमामा म्हणजे आमच्या गावचे शिंपी. सत्तरीला टेकलेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरातच मशीन टाकून लोकांच्या बंड्या, बायकांची पोलकी शिवायचे. आपलं म्हणावं असं त्यांना एकच माणूस होतं, त्यांची थोरली बहीण, अक्का. ती सोनपेठला लेकाकडे राहायची. दोघांना बटणाचे फोन मीच विकले होते आणि एकमेकांचे नंबर दोनच्या बटणावर मीच बसवून दिले होते. बटण दाबून धरलं की फोन लागायचा. फोनमधलं बाकीचं दोघांनाही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती.

रोज दिवेलागणीला अक्का एक मिसकॉल द्यायची. म्हणजे, मी बरी आहे. मग मामा उलटा एक मिसकॉल द्यायचे. म्हणजे, मीपण बरा आहे. झालं, संपलं. बोलणं फुकट नव्हतं त्या काळात आमच्याकडं घरोघरी अशा खुणा होत्या. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे डबा पाठवा. पुढे बोलणं फुकट झालं, बाकीच्यांनी खुणा सोडल्या, या दोघांनी नाही. मी मामांना चिडवायचो, "मामा, बोला की तासभर, पैसे लागत न्हाईत आता." ते म्हणायचे, "बोलून काय सांगायचं बाबा? हाय म्हनून कळलं, बास की."

मे महिन्यातली दुपार होती. परभणीचं ऊन काय असतं ते सांगायला नको. बाकड्यावर तिघं होते. एक गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, दुसरा दूधवाला, आणि कडेला टेलरमामा. आमच्या कंपनीनं त्या दिवसांत जुनं नेटवर्क बदलायला काढलं होतं. जुनी कार्डं परत घ्या, नवी द्या, फुकट. मला तसा वरून तगादा होता. त्यात गुरुजींनी माझी खोडी काढली.

"तुझी गरजच संपली रे आता," गुरुजी म्हणाले. "मी रिचार्ज घरी बसून करतो. फोनवरून पैसे, फोनवरूनच पावती. तुझ्या दारात यायचं कशाला?"

"मग आलात कशाला?" मी म्हणालो.

"सावलीला."

दूधवाला फिदीफिदी हसला. पण त्याला गुरुजींचंही पटत नव्हतं. "गुरुजी, तुमचं फोनचं पेमेंट तुमालाच लखलाभ. परवा एका गिऱ्हाइकानं स्कॅन केलं, त्याचे पैसे कटले, माझा पैसे आल्याचं सांगनारा डबा बोललाच न्हाई. त्यो म्हनतोय दिले, मी म्हनतोय आले न्हाईत. अर्धा तास भांडलो रस्त्यावर. अन् ह्यांचा टावर! कांड्या भरून दिसायल्यात अन् फोन लावला की मुका. कशाचं फाइव्ह-जी अन् कशाचं काय!"

"कार्ड जुनं आहे तुझं, म्हणून," मी म्हणालो. "नवं टाक, बघ कसं पळतंय."

"नवं कार्ड सुरू व्हायला दिवस दिवस लागतो," गुरुजी म्हणाले. "माझ्या साडूचं दोन दिवस बंद होतं."

"तुमच्या साडूनं दुसरीकडं केलं असेल. माझ्याकडं एका तासात सुरू होतं."

"एका तासात? उगाच फेकू नकोस."

आता माझं डोकं सटकलं. मी इकडंतिकडं पाहिलं. गुरुजी काही आपला फोन देणार नव्हते, दूधवाल्याला संध्याकाळच्या गिऱ्हाइकांचे फोन यायचे होते. राहिले टेलरमामा. त्यांच्या साध्या फोनला नव्या कार्डाची काडीची घाई नव्हती. जुनं आणखी कितीतरी महिने चाललं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी हात पुढे केला.

"मामा, आणा तुमचा फोन. गुरुजींना दाखवूनच देतो."

मामांनी खिशातला फोन हातानं दाबून धरला. "आज नको बाबा. सांजंला अक्काचा मिसकॉल येतोय."

"सांजेला अजून किती अवकाश आहे! त्याच्या आत झालं नाही तर नाव बदलीन माझं."

"व्हईल ना पर?"

"होतंय हो मामा, माझ्यावर भरवसा नाही का?"

हे वाक्य मी बोललो. त्यावर मामांनी फोन दिला.

नव्या कार्डाला लागणाऱ्या अंगठ्याच्या ठशावरच घोडं अडलं. जन्मभर सुई ढकलून आणि कापड चिमटीत धरून मामांच्या अंगठ्याच्या रेषा पार झिजल्या होत्या. ठसा घ्यायच्या मशीनला काही दिसेचना. ओल्या फडक्यानं अंगठा पुसला, डोक्याला घासून तेलकट केला, दुसरा अंगठा लावला. गुरुजी मिशीत हसत होते. त्यांच्या त्या हसण्यानं मी आणखीच इरेला पेटलो. शेवटी चारच्या पुढे कधीतरी ठसा उठला. थोड्या वेळानं मामांचं जुनं कार्ड बंद पडलं. नवं काही सुरू होईना.

पाच वाजले, सहा वाजले. दूधवाला गेला, गुरुजी जाताना "तुझं नवीन नाव ठरवून ठेव" म्हणून गेले. मामा हलले नाहीत. फोन हातात घेऊन बसून होते, दर दोन मिनिटांनी मला दाखवायचे. दिवे लागले तसे ते उठून काउंटरपाशी आले.

"तुझ्या फोनवरनं अक्काला सांगतोस का रं? म्हनावं, भाऊ बरा हाय, कार्ड बदलायलाय."

त्या वेळेला दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी वैतागलेलो, हरलेलो. म्हणालो, "मामा, आता सुरू होईलच की. परक्या नंबरावरून फोन गेला तर उगं घाबरायची म्हातारी."

दोन मिनिटांचं काम होतं हो. दोन मिनिटांचं! आजही मी दुकानात एकटा असलो की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

मामा दुकान बंद होईपर्यंत बसले आणि मग घरी गेले. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला कार्ड सुरू झालं. मामांनी माझ्यासमोरच दोनचं बटण दाबलं. पलीकडून अक्काच्या सुनेनं उचललं. तिचं बोलणं मलासुद्धा ऐकू येत होतं. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"मामा, तुमी बरे हाव ना? आत्याबाईनं काल डोकं फिरवलं आमचं. भावाचा फोन बंद, भावाला काहीतरी झालं, एकच धोशा. ह्यांनी लय समजावलं, बॅटरी उतरली असंल म्हनून. सकाळी उठून बघतो तर आत्याबाई न्हाईत. फोनची बॅटरी संपली म्हनून चार्जिंगला लावून, तसाच ठिवून गेल्यात. पहिल्या गाडीनं निघाल्या म्हनं, परभणीला."

मामांनी फोन खाली घेतला. माझ्याकडं पाहिलं. बाकड्यावर जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसले.

अक्का एकच्या पुढे आली. परभणीला गाडी बदलायला तिला दोन तास उन्हात थांबावं लागलं होतं. अनवाणी नव्हती, पण डोक्याला पदराशिवाय काही नाही, पोटात चहाशिवाय काही नाही. गाडीतून उतरली ती कंडक्टरच्या हाताला धरून. समोर मामा दिसले आणि तिनं पिशवी खाली टाकून त्यांच्या पाठीत दोन धपाटे घातले.

"मेल्या, जिता हाईस व्हय! जिता हाईस अन् फोन बंद करून बसलास!"

आणि मग त्याच पाठीवर हात ठेवून रडायला लागली. मामाही रडत होते. मी माठातलं पाणी नेऊन दिलं, सगळा दोष माझा आहे असं हसत हसत सांगितलं. अक्कानं माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. "तुझ्या कार्डाला आग लागो रं बाबा," म्हणाली आणि स्वतःच हसली. मला वाटलं, मिटलं. गुरुजींना सांगायला एक गंमतच झाली, असंसुद्धा वाटलं. कबूल करतो.

त्याच संध्याकाळी अक्काला उलट्या सुरू झाल्या. अंग तापलं, बोलणं भरकटायला लागलं. रात्रीच दवाखान्यात नेली, तिथून परभणीला. ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले, आणि बीपीच्या गोळ्याही चुकलेल्या. तिसऱ्या दिवशी ती गेली. मातीला मी सोनपेठला गेलो होतो. तिच्या लेकाच्या समोर उभं राहायची माझी छाती झाली नाही, गर्दीत मागेच राहिलो. मामा मात्र मला शोधत आले आणि म्हणाले, "उन्हाचं कशाला आलास? चहा तरी घेतलास का?"

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या माणसाच्या तोंडून एक वाकडा शब्द आला नाही, ना त्या दिवशी, ना नंतर.

तेरावा झाल्यावर मामा गावात परतले आणि एका दुपारी दुकानात आले. बाकड्यावर गुरुजी आणि दूधवाला होते, पुन्हा तोच वाद, फोनवरचं पेमेंट बरं का रोख बरी. मामांना बघून दोघांनी सरकून जागा केली. मामांनी खिशातून दस्तीत, हातरुमालात, गुंडाळलेला एक फोन काढला. अक्काचा. भाच्यानं आठवण म्हणून दिला होता.

"ह्याच्यात दिसतंय का रं," ते म्हणाले, "त्या रातीला तिनं मला कितीदा लावला होता?"

मी फोन हातात घेतला. लावलेल्या नंबरांची यादी उघडली. गुरुजी चष्मा लावून माझ्या खांद्याशी उभे राहिले. यादीत एकच नंबर होता, मामांचा. वरून खालपर्यंत. त्या संध्याकाळपासून मी वर वाचत निघालो. सात वाजून पाच मिनिटं. सात वाजून बारा. आठ. साडेआठ. मी बटण दाबत वर जातोय आणि यादी काही संपत नाही. अकरा. एक. दोन. शेवटचा पहाटे चार वाजून काही मिनिटांनी. म्हातारी रात्रभर ते एक बटण दाबून धरत होती आणि पलीकडची बाई तिला रात्रभर सांगत होती की फोन बंद आहे.

हे या माणसाला कसं सांगायचं? मला ते जमणार नव्हतं. त्याच्यासाठी म्हणा, माझ्यासाठी म्हणा. "एकदाच, मामा," मी म्हणालो. "रोजच्यासारखा एकदा."

मामांनी गुरुजींकडं पाहिलं. सगळ्या जन्मात गुरुजींनी माझं एक वाक्य खरं मानलं नव्हतं. ते म्हणाले, "हो, एकदाच आहे."

आणि मामांनी आणखी कुणाकडून वाचून घेऊ नये म्हणून मी काउंटरखाली हात नेऊन ती सगळी यादी पुसून टाकली. मला वाटलं, आता त्यांचा जीव हलका होईल. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"एकदाच व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलं, लय येळा लावला असंल."

त्यांनी फोन परत दस्तीत गुंडाळला, नीट, कापडाची घडी घालावी तसा, आणि निघून गेले. गुरुजी बाकड्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मी मामांच्या घरी गेलो. ते मशीनवर बसले होते. मी उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगितलं. मामा, काल मी खोटं बोललो. अक्कानं रात्रभर लावला होता, पहाटे चारपर्यंत, मोजता येणार नाही इतक्या वेळा. मीच पुसलं ते. गुरुजींना विचारा. सांगता सांगता मला रडू आलं.

मामांनी मशीन थांबवलं. उठून माझ्यापाशी आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे रं," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हनून सांगायलास, ते कळतंय मला."