बाळकृष्णाची वाटी

नोव्हेंबरची सकाळ. टोकियोतल्या निशी-कसाईवर रात्रीपासून झिमझिम लागलेली, हवेत चांगलाच गारठा. सुनेत्रा पोळ्या लाटत होती. दाराशी कचऱ्याची पिशवी बांधून तयार. मंगळवार म्हणजे जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस.

देवघरापुढे सासरे मोरेश्वरराव, म्हणजे आप्पा, बाळकृष्णाला दुधाचा नैवेद्य दाखवत होते. दुधाची वाटी सुनेत्रानेच घडवलेली. दोन हजार अकराच्या भूकंपात देवघर आडवं झालं, जुनी काचेची वाटी फुटली. पुढे सुनेत्रा जवळच्या इचिकावाला मोरितासान या मालकांच्या भांड्यांच्या कारखान्यात अर्धवेळ लागली. गोण्यांतली पांढरी पिठं चाळायची, कोपरापर्यंत हात घालून मळायची. तीन वर्षं झाली. हा गोळा फार हट्टी, पण कणकेला सरावलेल्या हातांना तो वश झाला. वाटी तर इतकी पातळ, की दिव्यापुढे धरली तर पलीकडची बोटं दिसत. आप्पा पुण्याला फोनवर मिरवायचे, “सुनेच्या हातची आहे!”

“रुचा, हे वाच गं. मोरितासानना हीच गोणी मागवायचीय.” तिने फोनवरचा फोटो लेकीपुढे धरला. गोणीवरची अक्षरं तिला कधी उकललीच नव्हती.

मोजे चढवता चढवता रुचा म्हणाली, “होने नो हाइ.”

“मराठीत सांग.”

“हाडांची राख. खाली लिहिलंय, गाईबैलांची. बोन चायना ना गं आई, नावातच आहे!”

लाटणं हातातच राहिलं. तीन वर्षं हेच हात. रोज पहाटे हीच वाटी, गाई राखणाऱ्या देवापुढे.

“आप्पा, थांबा!”

आप्पांनी नैवेद्याच्या दुधाचा शेवटचा घोट गिळला होता. चामड्याचं पाकीटसुद्धा देवघराच्या खोलीत न आणणारा माणूस. सुनेत्राने चाचरत सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडावरचा रंगच गेला.

“तुला ठाऊक होतं, सूनबाई?”

“नाही हो! देवाशपथ, आत्ता कळलं.”

“मग मला कशाला सांगितलंस गं!”

आप्पांनी वाटी जपून, तान्हं मूल ठेवावं तशी ओट्यावर ठेवली आणि हात तसेच हवेत धरून उभे राहिले.

“टाकून दे ती.”

“आज नाही टाकता येत, आप्पा. भांड्यांच्या कचऱ्याचा दिवस पुढच्या आठवड्यात.”

“आणि तोवर?”

तिने स्टीलची वाटी घासली, दूध ओतलं, देवापुढे ठेवलं. आप्पांनी पुन्हा हात जोडले, पण मंत्र काही ओठांवर येईना. पांढरी वाटी ओट्यावरच राहिली, दुधाच्या रेघेसकट.

सुनेत्राने छत्री घेतली, पिशवी उचलली आणि खाली जाऊन, कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून ठेवलेली जाळी तिच्यावर नीट पसरली.